हृद्रोगाचे भाकित आणि संगणकाचे अनुमान

(मठाच्या वर्धापनोत्सवात पाठशाळेच्या सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



न्यायशास्त्र शिकविणारा एक अध्यापक संगणक आणि हृद्रोग या विषयावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी अनेकांना विस्मय वाटला असेल. काल भोजनाच्या पंक्तीत एका वृद्ध सद्गृहस्थांनी मला स्पष्टच विचारले, "शास्त्रीबुवा, तुम्ही वैद्य नव्हे, यंत्रज्ञ नव्हे; मग हा उद्योग कशासाठी?" त्यांचा प्रश्न रास्त होता. हृदयाविषयी मला फारसे कळत नाही आणि यंत्राविषयी त्याहून कमी. परंतु अनुमान म्हणजे काय, ते कोठे टिकते आणि कोठे फसते, याच विचारात माझी पंधरा वर्षे गेली. आणि संगणक रुग्णाविषयी जे सांगतो ते अखेर अनुमानच होय. तेवढ्याच अधिकाराने मी येथे उभा आहे.

हा विषय माझ्या पदरी पडला तो माझ्या आत्यामुळे. आत्या निपाणीची. वयाच्या चौदाव्या वर्षापासून तिने तंबाखूच्या वखारीत काम केले. वाळलेला पाला कुटायचा, चाळायचा, काड्या निवडायच्या, पोती भरायची. वखारीत उडणारा खकाणा असा की, नव्या बाईला पहिल्या दिवशी शिंका, खोकला आणि मळमळ यांमुळे उभे राहवत नाही. जुन्या बाया नाकाला पदर बांधून काम करतात. तरी सायंकाळी त्यांच्या लुगड्याला, केसांना, हातच्या भाकरीलाही त्याचा दर्प येतो. ती भाकरी खाऊन मी वाढलो आहे. शिवाय सकाळी उठल्यावर आणि वखारीतून परतल्यावर मिसरी लावावयाची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड दातांना आणि हिरड्यांना घासावयाची, हा तिचा नेम. आमच्या भागातील कितीतरी घरांत हा नेम देवपूजेइतका अचूक चालत आलेला आहे.

काही वर्षांपूर्वी आत्या एका तपासणीस गेली. तेथील तरुण डॉक्टरांनी मोठ्या आस्थेने तिचा रक्तदाब पाहिला, वजन व उंची घेतली, मधुमेह नाही याची खात्री करून घेतली, वय विचारले. ते त्रेपन्न होते. मग विचारले, "बिडी, सिगारेट ओढता का?" आत्या हसली. "न्हाई बा, आमच्यात बायका कुटं बिडी वडत्यात?" डॉक्टरांनी ही सर्व उत्तरे संगणकात भरली आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली: येत्या दहा वर्षांत हृदयाचा झटका अथवा पक्षाघात येण्याचा संभव शंभरांत पाचांहून कमी. आत्या त्या आनंदात पेढे घेऊन मठात आली. त्यानंतर आठव्या महिन्यात वखारीत चाळण हाती असतानाच तिच्या पाठीत कळ आली आणि घाम फुटला. पित्त समजून तिने सोडा घेतला, सुंठ घेतली. रात्री उलटी झाली तेव्हा घरच्यांनी तिला जवळचे म्हणून कोल्हापूरला नेले. ती वाचली. परंतु हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला आहे, आणि आता मठाच्या पायऱ्या चढताना ती तीन वेळा बसते.

या एका उदाहरणावरून यंत्राला दोष देणे हा हेत्वाभास ठरेल, हे मी प्रथमच सांगतो. शंभरांत चौघांना झटका येईल असे यंत्र म्हणाले असता त्या चौघांत आपली आत्या असणार नाही, असे त्याने कोठे म्हटले होते? संभव कमी म्हणजे अभाव नव्हे. तेव्हा माझी तक्रार उत्तराविषयी नाही. माझा प्रश्न निराळा आहे: तिला जे विचारले गेले नाही, त्याचे काय?

तो प्रश्न समजण्यासाठी यंत्र हे अनुमान कसे करते ते पाहावे लागेल. महाभारतातील नलोपाख्यान आपणांस ठाऊक आहे. राजा ऋतुपर्ण रथातून जाता जाता एका बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्याची पाने व फळे किती हे सांगतो. नलाला विश्वास बसत नाही. तो रथ थांबवितो, झाड पाडतो आणि फळे मोजतो. संख्या जुळते. तेव्हा ऋतुपर्ण त्याला ती विद्या देतो. तिचे नाव अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म. द्यूताचे फासे बेहड्याच्या फळांचेच असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या कथेत झाड मोजण्याची विद्या आणि फासे जाणण्याची विद्या एकच का मानली आहे, ते उमगते. थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधणे आणि अनिश्चिताला गणिताच्या चौकटीत आणणे, या दोन्हींचे मूळ एकच.

आजचे संगणकीय प्रतिरूप नेमके हेच करते. संगणकाच्या स्मृतीत लक्षावधी कल्पित माणसे निर्माण करतात. एकाला पन्नासावे वर्ष आणि चढा रक्तदाब, दुसरीला साठावे आणि मधुमेह, तिसऱ्याला बिडीचे व्यसन, असे प्रत्येकाला गुणदोष वाटून देतात; त्यांचे प्रमाण खऱ्या समाजात जसे असेल तसेच ठेवतात. मग त्या माणसांचे एक एक वर्ष पुढे ढकलतात. प्रत्येक वर्षी प्रत्येकासाठी एक फासा पडतो. हा फासा मात्र कपटी शकुनीचा नसून तोललेला असतो: ज्याची जोखीम अधिक, त्याच्या फाशाला वाईट दान पडण्याचा संभव तेवढाच अधिक. दहा वर्षे, वीस वर्षे असा खेळ चालवून अखेर किती माणसे आजारी पडली, किती निवर्तली, ते मोजतात. आणि खरी गंमत पुढे आहे. तीच माणसे परत उभी करून, या वेळी बिडी सोडलेली किंवा रक्तदाबाची गोळी रोज घेतलेली अशी कल्पून, तोच खेळ पुन्हा खेळता येतो. आयुष्यात हे कोणालाही साधत नाही.

प्रतिरूपाचा दुसरा एक प्रकार एकाच हृदयाचा असतो. १९६० साली डेनिस नोबल या तरुण इंग्रज संशोधकाने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात असताना हृदयातील एका पेशीचे स्पंदन समीकरणांत मांडून संगणकाकडून सोडवून घेतले. त्या काळी यंत्रे इतकी विरळ की त्याला पहाटे दोन ते चार एवढाच वेळ मिळे. म्हणजे आपले वेदाध्यायी विद्यार्थी उठण्यापूर्वी त्याचे अध्ययन संपत असे. आज अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया त्रायानोवा यांच्या पथकाने रुग्णाच्या हृदयाच्या चित्रावरून संगणकात त्याचेच प्रति-हृदय उभे केले आहे, आणि त्याला विद्युत्स्पंदने देऊन घातक अनियमित ठोके उद्भवतील काय, हे रुग्णाला स्पर्श न करता तपासले आहे. २०१६ साली त्यांनी ४१ रुग्णांच्या बाबतीत याचा पडताळा प्रसिद्ध केला. ही विद्या अद्भुत खरीच. परंतु आपल्या वखारीतल्या बाईच्या वाट्याला येते ते पहिल्या प्रकारचे गणित, म्हणून मी त्याकडेच वळतो.

फासा कसा तोलावयाचा, हे संगणकाला कोण सांगते? येथे आमचे शास्त्र उपयोगी पडते. धुरावरून अग्नीचे अनुमान करतो, कारण जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती वारंवार पाहून आपण निश्चित केलेली असते. हृद्रोगाच्या बाबतीत हे वारंवार पाहण्याचे काम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या लहान नगरात १९४८ साली सुरू झाले. त्यापूर्वी तीनच वर्षे, १९४५ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट अतिशय चढलेल्या रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव होऊन निवर्तले होते. त्या काळी अनेक वैद्य वाढत्या रक्तदाबाला वयाचा धर्म समजत. फ्रेमिंगहॅममध्ये ३० ते ६२ वर्षांच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांना दर दोन वर्षांनी तपासत राहिले. कोणाला झटका आला, कोणाला नाही, आणि आला त्याच्यात आधीपासून काय होते, याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृद्रोगाशी असलेला संबंध त्या नगराच्या धीराने जगाला कळला. पुढे जगभरच्या दवाखान्यांत वापरलेली पुष्कळशी जोखीम-कोष्टके तेथूनच निघाली.

परंतु व्याप्तीला उपाधी असू शकते, हे तर्कसंग्रह शिकणारा आमचा लहान विद्यार्थीही सांगेल. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे. जेथे अग्नी तेथे धूर हे मात्र सर्वत्र खरे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओले सरपण असेल तरच अग्नीतून धूर निघतो. ते ओले सरपण हीच उपाधी. ती ओळखली नाही तर अनुमान फसते, आणि करणाऱ्याला ते फसल्याचे कळतही नाही. फ्रेमिंगहॅमचे ते लोक जवळजवळ सर्व युरोपीय वंशाचे होते. त्यांचे अन्न, श्रम, तंबाखू आणि रुग्णालयाचे अंतर, हे सारे त्या व्याप्तीत न सांगता मिसळलेले होते. ते नगर हीच एक उपाधी होती.

ही गोष्ट तज्ज्ञांनाही उमगली. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासातून २००७ साली असे दिसले की, दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ होते, तर इतर देशांत ते ५९च्या आसपास होते. आत्याचे वय त्या वेळी नेमके तेवढेच होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाचे २१ भाग कल्पून प्रत्येकासाठी निराळी कोष्टके सिद्ध केली आणि त्यांत दक्षिण आशियालाही स्वतःचे कोष्टक मिळाले. ही मोठीच सुधारणा होय. परंतु त्या कोष्टकातही तंबाखूविषयी एकच प्रश्न आहे: धूम्रपान करता की नाही?

आणि येथे भाषेची एक मौज पाहा. कन्नडमध्ये बिडी ओढण्याला जे 'सेदु' क्रियापद लागते, तेच विहिरीतून पाणी काढण्यालाही लागते. मराठीत पाणी 'शेंदणे' म्हणतात ते त्याच कुळीतले दिसते, आणि बिडी 'ओढणे' यातही खेचण्याचाच भाव आहे. दोन्ही भाषांत प्रश्न विचारला तरी तो धूर आत खेचण्याविषयीच होतो. हिरड्यांना लावलेली मिसरी कोणी ओढीत नाही. नाकातोंडात गेलेला खकाणा कोणी हौसेने शेंदीत नाही. म्हणून आत्याने दोन्ही भाषांत 'नाही' म्हटले असते आणि दोन्ही वेळा ते सत्यच ठरले असते.

वस्तुतः तोंडातल्या तंबाखूचा हृदयाशी संबंध अज्ञात नाही. त्याच इंटरहार्ट अभ्यासात, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भागात, नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याचा संभव तंबाखूला न शिवणाऱ्यांच्या सुमारे सव्वादोनपट आढळला. बिडी ओढणाऱ्यांत तो तिपटीच्या जवळ गेला. आपल्या मराठी मुलखातही गणना झाली आहे. मुंबईत १९९१ पासून डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या पथकाने मतदारयाद्या हाती घेऊन ३५ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे १ लाख ४८ हजार माणसांची घरोघर जाऊन नोंद केली आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच दारांशी जाऊन कोण हयात आहे ते पाहिले. बिडी ही सिगारेटीपेक्षा सौम्य, हा आपल्याकडील समज त्या गणनेने खोटा पाडला. उलट बिडी ओढणाऱ्या पुरुषांतील मृत्यूचे प्रमाण अधिकच दिसले. त्या नोंदींत स्त्रियांच्या नावापुढे मिश्रीचाही रकाना होता. ज्याने तो रकाना आखला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. नलाने झाड पाडून फळे मोजली, ती हीच रीत.

आता मी आपल्या गावाला झोंबणाऱ्या गोष्टीकडे येतो. २०१३ साली संजय बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतापुरते असेच एक संगणकीय प्रतिरूप प्रसिद्ध केले. त्यात बिडीही जमेस धरली होती. सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी, तंबाखूवरील कर, वैद्याचा उपदेश, लोकप्रचार आणि जाहिरातबंदी, असे पाच उपाय त्यांनी त्या कल्पित भारतावर लावून पाहिले. सर्व मिळून दहा वर्षांत हृदयाचे झटके व पक्षाघात सुमारे चतुर्थांशाने टळतील असे निघाले. त्यात बंदी आणि कर हे दोन उपाय सर्वांत प्रभावी ठरले. वैद्याचा उपदेश सर्वांत दुर्बळ. उपदेश हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा आम्हा मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

हे वाचून निपाणीच्या माणसाच्या मनात काय येईल? १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथल्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग रोखून धरला होता. गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच काळात वखारीतल्या बायाही संघटित होऊन मजुरीसाठी उभ्या राहिल्या. या पिकावर येथील घरे उभी राहिली, मुलांचे शिक्षण झाले. माझेही झाले, कारण माझी पहिली पुस्तके आत्याच्या मजुरीतून आली. संगणकाच्या त्या कल्पित भारतात कर वाढला की झटके घटतात. परंतु कर वाढल्यावर वखार ओस पडली तर चाळणीवरची बाई पुढल्या वर्षी काय खाईल, याचा फासा त्या खेळात पडत नाही. याचा अर्थ ते गणित खोटे आहे असा मी करीत नाही. झटके टळणार असतील तर ते टळावेत, आणि त्यात येथल्याच माणसांचेही टळतील. एवढेच म्हणतो की, ज्याने प्रश्न अर्धा विचारला त्याला उत्तरही अर्धेच मिळते, आणि उरलेला अर्धा प्रश्न येथे राहणाऱ्यांनीच विचारावयाचा आहे.

आणखी एक उपाधी मला अस्वस्थ करते. भारतातील ५० नगरांतील ८९ रुग्णालयांत आलेल्या २०,४६८ हृद्रोग्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास निघाला. तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी शंभरी ८.२ दगावले, संपन्नांपैकी ५.५. परंतु मिळालेल्या उपचारांतील फरक गणितात हिशेबी धरला तेव्हा हे अंतर उरलेच नाही. आता कल्पना करा की, अशा नोंदींवर पोसलेला संगणक उद्या एखाद्या गरीब रुग्णाचे भाकित करतो. हा दगावण्याचा संभव अधिक, असे तो सांगेल, आणि ते आकड्यांच्या दृष्टीने खरेही असेल. मात्र ते भाकित त्याच्या हृदयाचे नसून आपल्या हयगयीचे असेल.

चरकाचार्यांनी रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे भेद केले, आणि असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याची विद्या, यश आणि धन यांची हानी होते असा इशाराही दिला. त्यांच्या काळी त्यात विवेक होता. परंतु यंत्राने दिलेला आकडा पाहून कोणी रुग्णाला प्रत्याख्येय ठरवू लागला, तर कारण आणि कार्य यांची अदलाबदल होईल: उपचार मिळाले नाहीत म्हणून जे मरतात, ते मरणारच म्हणून त्यांना उपचार नाकारले जातील. मला त्या चार भेदांतील याप्य हा शब्द फार मोलाचा वाटतो. समूळ बरा होत नाही, पण पथ्य व औषध चालू आहे तोवर माणूस चालता राहतो, असा रोग याप्य. हृद्रोगाचे भाकित असेच वाचावे. जन्मपत्रिकेसारखे ते एकदाच वर्तविलेले नसते. अमुक केले तर अमुक, असे त्याचे रूप असते.

आत्याचे कागद आज दोन राज्यांत आहेत. पहिली तपासणी कर्नाटकात झाली, झटक्याचा उपचार महाराष्ट्रात. एका जागी ती निरोगी म्हणून नोंदली गेली आणि पुन्हा कोणी विचारायला आले नाही. दुसऱ्या जागी ती रोगी म्हणूनच उगवली. या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत, हे कोणत्याच यंत्राला ठाऊक नाही. सीमेवरच्या गावांत असे किती असतील, ते मोजल्याखेरीज कळणार नाही.

म्हणून श्रीस्वामीजींच्या चरणी मी एक विनंती केली होती, ती त्यांनी मान्य केली आहे. दरवर्षी यात्रेत आपल्याकडे आरोग्यतपासणी होते. यंदापासून तिच्या कागदाला एक पान जोडले जाईल. त्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत चार प्रश्न असतील: मिसरी लावता का, तंबाखू तोंडात धरता का, वखारीत किती वर्षे काम केले, आणि घरात कोणी बिडी ओढते का. वरच्या वर्गातील विद्यार्थी, ज्यांना दोन्ही लिप्या येतात, ते विचारतील व लिहितील. सांगणाऱ्याची संमती असेल तरच लिहावयाचे. नावांची वही मठाच्या कपाटात कुलुपात राहील, आणि बेळगाव किंवा कोल्हापूर येथील ज्या वैद्यांना गणनेसाठी माहिती हवी त्यांना नावाविना दिली जाईल. सर्वांत कठीण भाग पुढचा. दर वर्षी त्या प्रत्येक दाराशी परत जावयाचे आहे, यात्रेला कोणी आले नाही तरीही. फ्रेमिंगहॅमच्या लोकांनी तेच केले, म्हणून त्यांच्या आकड्यांना किंमत आली. निदान दहा वर्षे हे चालले तर कोणी तज्ज्ञ त्यातून आपल्या बायांचा फासा तोलू शकेल.

उद्या प्रातःपूजेनंतर पाकशाळेच्या ओसरीवर वही उघडली जाईल. ज्या भगिनींनी वखारीत काम केले आहे, मग ते दोन महिनेच का असेना, त्यांनी अवश्य यावे. ओसरीला पायऱ्या नाहीत. आत्याच्याच सोयीसाठी ती जागा निवडली आहे.